स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगसाठी उतरवलेली सौर पॅनेल पुन्हा बसवताना : योग्य ठेकेदार कसा निवडावा

घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवताना आपण पंचवीस वर्षांचा हिशोब करतो. पण ज्या स्लॅबवर ती बसतात, तो स्लॅब तोवर गळणार नाही असे कोणी लिहून दिलेले नसते. छताला ओल धरते, पोपडे सुटतात, वॉटरप्रूफिंगवाला येऊन गच्ची पाहतो आणि म्हणतो, “आधी हे सगळं काढून द्या.” कोणी वरचा मजला चढवतो, कोणी घर बदलतो, कोणाच्या शेजारी नवी इमारत उभी राहून सावली पडू लागते, अशा कारणांनीही पॅनेल हलवावी लागतात. या लेखात मात्र मी गळक्या स्लॅबचेच उदाहरण धरून चालणार आहे, कारण पुनर्बसवणीतले जवळजवळ सगळे प्रश्न त्यात येतात आणि ते मी स्वतःच्या घरी अनुभवले आहेत.

आमच्या सांगलीच्या घरावर २०१९ मध्ये ३३५ वॉटची १० पॅनेल बसली, म्हणजे संच ३.३५ किलोवॅटचा. वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला १३ युनिटच्या आसपास वीज मिळत होती. चार पावसाळ्यांनंतर मधल्या खोलीच्या छताला ओल आली. वॉटरप्रूफिंगच्या ठेकेदाराने “पॅनेल आमचीच माणसं उतरवतील, त्याचे वेगळे पैसे नकोत” असे सांगितले आणि आम्ही ते मान्य केले. काम संपल्यावर पॅनेल पुन्हा बसली, इन्व्हर्टरचा, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राचा, हिरवा दिवा लागला आणि सगळे समाधानाने खाली उतरले. पुढच्या बिलात फरक दिसला तेव्हा रोजचे आकडे पाहायला लागलो. उत्पादन दहा युनिटच्या खाली आले होते. इन्व्हर्टर सकाळी साडेदहापर्यंत सुरूच होत नव्हता आणि त्याच्या पडद्यावर ‘आयसोलेशन फॉल्ट’ असे येत होते.

दुसरा ठेकेदार आला, तो तिसऱ्या पॅनेलच्या मागे उकिडवा बसला आणि त्याने मला खाली वाकून पाहायला सांगितले. घट्ट बसलेला कनेक्टर हाताने सुटला नाही म्हणून आधीच्या मजुरांनी वायर पक्कडीने कापली होती, दोन्ही टोके पिळून जोडली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. उन्हाने टेपचा चिकटपणा वितळून ती सैल झाली होती, आतले तांबे हिरवे पडले होते आणि रात्रीचे दव त्या जोडावरून लोखंडी कैचीवर, म्हणजे पॅनेल ज्यावर टेकतात त्या सांगाड्यावर, ठिबकत होते. दव वाळेपर्यंत वीज जमिनीकडे झिरपत होती, म्हणून इन्व्हर्टर स्वतःला बंद ठेवत होता. गच्चीवर वाळवणे घालायला जाणाऱ्या माणसाचा हात ओल्या लोखंडाला लागला असता तर काय झाले असते, हा विचार आजही मनातून जात नाही.

त्या प्रसंगातून जे शिकलो, ते आधी सांगतो. पॅनेल उतरवणारा आणि चढवणारा ठेकेदार एकच असावा, तो वीजकामाचा परवानाधारक असावा आणि वॉटरप्रूफिंगचा पहिला घाव पडण्यापूर्वी तो निवडलेला असावा. पुढचे सगळे मुद्दे याच तीन अटी प्रत्यक्षात कशा पाळायच्या याविषयी आहेत.

हे काम हमालीचे का नाही

घरातली बत्ती बंद केली की वायरमध्ये धोका उरत नाही, अशी आपल्याला सवय असते. सौर पॅनेलला बंद करण्याचे बटणच नसते. ऊन आहे तोवर ते वीज तयार करतच राहते. ३३५ वॉटच्या एका पॅनेलचा उघड्या टोकांवरचा दाब साधारण ४६ व्होल्ट असतो. अशी दहा पॅनेल एकामागोमाग जोडली की त्या माळेचा, म्हणजे स्ट्रिंगचा, दाब ४६० व्होल्टपर्यंत जातो, आणि ही वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, असते. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी पडली तरी ती विझायला वाव मिळतो. डीसी प्रवाह शून्यावर येत नाही. चालू भारावर एमसी-४ कनेक्टर, म्हणजे पॅनेलच्या वायरी एकमेकींना जोडणारा सांधा, ओढून काढला तर दोन टोकांमध्ये ज्योत पेटते आणि टोके दूर जाईपर्यंत ती जळत राहते. त्यात हात भाजतो, कनेक्टर आतून काळा पडतो, आणि तो काळा कनेक्टर तसाच परत जोडला तर पुढे महिनोन्‌महिने तापत राहतो.

म्हणून क्रम ठरलेला आहे. आधी इन्व्हर्टरच्या बाहेरचा एसी स्विच बंद करायचा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच, बंद करायचा, क्लॅम्प मीटर लावून प्रवाह शून्य झाल्याची खात्री करायची, आणि त्यानंतरच कनेक्टर सोडवायचे, तेही त्यांच्यासाठी मिळणाऱ्या छोट्या चिमटेवजा पान्याने. ठेकेदाराला पहिल्याच भेटीत “तुम्ही पॅनेल कशी सोडवता?” एवढेच विचारावे. ज्याला काम येते तो हा क्रम न अडखळता सांगतो. “सकाळी लवकर येऊन काढून टाकतो, काही होत नाही” असे उत्तर आले तर पुढे बोलणी करण्याची गरज नाही.

पहिला फोन मूळ बसवणाऱ्याला

केंद्र सरकारचे अनुदान घेऊन बसवलेल्या घरगुती संचाची पाच वर्षांची देखभाल हे बसवणाऱ्या विक्रेत्याचे बंधन असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने’तही ही अट आहे, त्या योजनेत १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ किलोवॅटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये असे केंद्राचे अनुदान मिळते. आपला संच पाच वर्षांच्या आतला असेल, तर दुसऱ्या कोणाला हात लावू देण्याआधी मूळ विक्रेत्याला लेखी कळवावे आणि त्याच्याशी झालेला करार काढून वाचावा. पॅनेल हलवण्याचा खर्च या देखभालीत बहुधा धरलेला नसतो, तो वेगळा द्यावा लागतो. पण परक्या माणसाने संच उघडला म्हणून हमी नाकारली जाण्याचा प्रश्न तरी उरत नाही. पॅनेलच्या उत्पादकाची वस्तूची हमी बहुतेक वेळा दहा ते बारा वर्षांची आणि वीजनिर्मितीची पंचवीस वर्षांची असते. ती हमी पॅनेल उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे बसवलेले असण्यावर अवलंबून असते, हे हमीपत्राच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

मूळ विक्रेता धंदा बंद करून गेला असेल, फोन उचलत नसेल किंवा अवाच्या सवा दर सांगत असेल, तर नव्या माणसाचा शोध सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीपासून सुरू करावा. ती यादी जिल्ह्यानुसार पाहता येते. त्यातली तीन-चार नावे काढावीत आणि त्यांना थेट विचारावे की नवा संच बसवण्याव्यतिरिक्त जुना संच उतरवून पुन्हा बसवण्याचे काम त्यांनी कोठे केले आहे. ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. नव्या कामात सगळे साहित्य एका मापाचे, कोरे आणि खोक्यातून निघालेले असते. जुन्या कामात गंजलेले बोल्ट, उन्हाने कडक झालेल्या केबल आणि बाजारात न मिळणारी पॅनेल असतात. अशा दोन ग्राहकांचे पत्ते घ्यावेत आणि फोनवर विचारण्यापेक्षा, शक्य असेल तर, त्यांच्या गच्चीवर जाऊन यावे.

कागद पाहायचे ते कोणते

महाराष्ट्रात विद्युत संचमांडणीचे काम करण्यासाठी शासनाची विद्युत ठेकेदार अनुज्ञप्ती लागते, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी पर्यवेक्षकाकडे सक्षमता प्रमाणपत्र व वायरमनकडे तारतंत्री परवाना असावा लागतो. पोर्टलवरचे नाव, दुकानाची पाटी किंवा उद्यम नोंदणी यांपैकी काहीही या अनुज्ञप्तीची जागा घेऊ शकत नाही. अनुज्ञप्तीची मूळ प्रत पाहावी, तिची मुदत पाहावी आणि तिच्यावरचे नाव व कोटेशनवरचे नाव एकच आहे ना, तेही पाहावे. परवाना एकाचा, कोटेशन दुसऱ्याचे आणि गच्चीवर तिसरीच माणसे, हा प्रकार फार चालतो. म्हणून “त्या दिवशी गच्चीवर परवानाधारक कोण हजर असेल?” असे नाव घेऊन विचारावे आणि ते नाव करारात लिहून घ्यावे.

जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून दोन मिनिटांत तपासता येतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक २७ने आणि गोव्यातल्या नोंदणीचा ३०ने सुरू होतो. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या ‘सूर्यमित्र’ कार्यक्रमात शिकलेला तंत्रज्ञ सोबत असेल तर ती जमेची बाजू धरावी, पण त्या प्रमाणपत्राने ठेकेदाराचा परवाना मिळत नाही.

विम्याची गोष्ट आपल्याकडे कोणी काढत नाही, मी मात्र ती आग्रहाने काढायला सांगेन. दुसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभे राहून २२ किलोचे, वाऱ्यात शिडासारखे ओढले जाणारे पॅनेल उचलणाऱ्या माणसाचा तोल जाऊ शकतो. त्याचा अपघात विमा ठेकेदाराकडे आहे का, सुरक्षा पट्टा आणि हेल्मेट तो पुरवतो का, हे विचारणे त्या माणसाच्या जिवासाठी आहे. ज्या ठेकेदाराला स्वतःच्या माणसाची काळजी नाही, तो आपल्या घराच्या वायरिंगची काळजी घेईल अशी आशा मला तरी वाटत नाही.

भेटीच्या दिवशी तो काय करतो याकडे लक्ष द्या

मी सर्वांत जास्त भर या टप्प्यावर देतो, कारण कागद सगळ्यांचे सारखे दिसतात आणि माणूस मात्र गच्चीवर पाऊल ठेवताच उघडा होतो. फोनवर किलोवॅट ऐकून दर सांगणाऱ्याला बाजूला ठेवावे. चांगला ठेकेदार कोटेशन देण्याआधी निदान तासभर गच्चीवर घालवतो. तो पॅनेलच्या मागच्या बाजूचे फोटो काढतो, कारण तिथे जंक्शन बॉक्स (पॅनेलच्या वायरी जिथून निघतात तो डबा), केबल आणि पांढऱ्या पाठकागदावरच्या भेगा दिसतात. तो नटबोल्टवर हात फिरवून गंज पाहतो. अर्थिंगचे खड्डे कोठे आहेत ते विचारतो आणि तीन आहेत की नाहीत ते मोजतो. पॅनेल व स्ट्रक्चरच्या डीसी बाजूसाठी एक, इन्व्हर्टरच्या एसी बाजूसाठी एक आणि आभाळातून पडणारी वीज जमिनीत नेणाऱ्या वीजरोधकासाठी स्वतंत्र एक, अशी पद्धत आहे. पाण्याची टाकी, जिन्याची खोली आणि शेजारचा नारळ यांची सावली कोणत्या वेळी कोठपर्यंत येते, हे तो विचारल्याशिवाय राहत नाही.

आणि तो आकडे लिहून घेतो. उतरवण्यापूर्वीची नोंद नसेल तर बसवल्यानंतरच्या तक्रारीला आधारच राहत नाही. नोंदीत प्रत्येक पॅनेलचा अनुक्रमांक, प्रत्येक पॅनेलचा स्वतंत्र दाब, पूर्ण स्ट्रिंगचा दाब आणि प्रवाह, मेगर नावाच्या मापकाने घेतलेला विद्युतरोध (वायरीचे आवरण वीज किती रोखते त्याचा आकडा), अर्थिंगचा रोध आणि आधीच्या महिन्याभराचे रोजचे उत्पादन एवढे असावे. इन्व्हर्टरच्या मोबाइल अॅपमधली जुनी आकडेवारी आपणच उतरवून ठेवावी, आणि ते खाते आपल्या नावावर आहे की मूळ विक्रेत्याच्या, हेही याच वेळी तपासावे. अनुक्रमांकाचा उपयोग दुहेरी आहे: हमीचा दावा त्यावरच चालतो, आणि उतरवलेली दहा पॅनेल परत चढताना तीच दहा आहेत याची खात्रीही त्यानेच होते.

इथे एक खुलासा करतो, म्हणजे उगाच कोणावर संशय घेतला जाणार नाही. पॅनेल तापले की त्याचा दाब उतरतो, साधारण दर अंश सेल्सियसला ०.३ टक्का. पॅनेलवर छापलेले ४६ व्होल्ट हे २५ अंशांवरचे असतात. दुपारी पॅनेल ५५ अंशांना पोहोचले की तेच ४२ व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि दहा पॅनेलची माळ ४६० ऐवजी ४२० दाखवते. हा बिघाड नव्हे. दहापैकी नऊ पॅनेल ४२ दाखवत असतील आणि एकच २८ दाखवत असेल, तर मात्र त्या एका पॅनेलच्या डायोडमध्ये किंवा पेशींच्या जोडणीत दोष आहे आणि तो उतरवण्यापूर्वीच दोघांनी सही करून लिहून ठेवायला हवा.

त्याला आणखी एक प्रश्न विचारावा: “एखादे पॅनेल तुमच्या हातून फुटले तर?” जुन्या ३३५ वॉटच्या पॅनेलचा प्रवाह नऊ-साडेनऊ अँपिअर असतो, आज सहज मिळणाऱ्या ५४०-५५० वॉटच्या पॅनेलचा तेरा-चौदा. एकाच माळेत दोन्ही जोडली तर मोठे पॅनेल लहानाच्या प्रवाहाइतकेच चालते. त्यांची लांबी-रुंदीही वेगळी असल्याने ते जुन्या स्ट्रक्चरवर नीट बसत नाही. “फुटलं तर नवीन मोठं लावून देऊ” हे उत्तर उदार वाटते, पण ते माहितीच्या अभावातून आलेले असते. जाणकार ठेकेदार सांगतो की त्याच प्रवाहाचे आणि मापाचे पॅनेल शोधून देईन, आणि ते मिळेपर्यंत नऊ पॅनेलच्या माळेचा दाब इन्व्हर्टरच्या मर्यादेत बसतो की नाही ते तपासून संच चालू ठेवीन.

पाया, कैची आणि वारा

गळतीचे मूळ पुष्कळदा पॅनेलच्या पायातच असते. पहिल्या वेळी बसवणाऱ्याने स्लॅबला भोके पाडून बोल्ट ठोकलेले असतात, त्या भोकांतून पाणी कोब्याखाली उतरते आणि दोन-तीन पावसाळ्यांनी घरात दिसते. नव्या वॉटरप्रूफिंगवर पुन्हा तीच भोके पाडली, तर सगळा खर्च पाण्यात गेला. म्हणून सौर ठेकेदार आणि वॉटरप्रूफिंगवाला यांना एकदा तरी एकाच वेळी गच्चीवर बोलवावे आणि पायांचा क्रम दोघांच्या तोंडून ठरवून घ्यावा. योग्य क्रम असा: जुना कोबा काढून स्लॅब उघडा झाला की सळया रासायनिक अँकरने स्लॅबमध्ये पक्क्या कराव्यात, त्यावर काँक्रीटचे पाये ओतावेत, किमान सात दिवस पाणी मारावे, मग पायांच्या कडेने वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर उतार, मारून वॉटरप्रूफिंगचा थर पायांवर वर चढवून घ्यावा. त्यानंतर गच्चीत पाणी साठवून चाचणी घ्यावी, निदान २४ तास, आणि जमल्यास त्याहून जास्त. ती चाचणी यशस्वी झाल्यावरच कैच्या पायांवर उभ्या कराव्यात. पायांना बसवायच्या प्लेट आणि बोल्ट काँक्रीट ओतताना आतच ठेवलेले असले, की ड्रिल मशीन गच्चीवर आणण्याचे कारणच उरत नाही.

“स्लॅबला हात लावत नाही, नुसते ब्लॉक ठेवतो” असे सांगणारेही भेटतात. त्यांच्याकडे हिशोब मागावा, आणि तो हिशोब आपल्यालाही ढोबळपणे करता येतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईसाठी ४४ मीटर धरला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ने गुणले की दाब मिळतो. ३९ मीटरला तो चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन, म्हणजे ९३ किलोच्या भाराएवढा होतो. जवळजवळ दोन चौरस मीटरच्या एका पॅनेलवर हा भार १८० किलोच्या पुढे जातो, आणि पॅनेलचे स्वतःचे वजन २२ किलो असते. प्रत्यक्षातला भार इमारतीची उंची, पॅनेलचा कोन आणि कठडा यांवर कमी-जास्त होतो, ते गणित अभियंत्याने करायचे; पण एक घनफूट काँक्रीटचे वजन ६८ किलोच भरते, तेव्हा दहा पॅनेलखाली असे सहा सुटे ब्लॉक ठेवून भागणार नाही, हे समजायला एवढा हिशोब पुरेसा आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा उडालेले पत्रे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वाऱ्याचा हा आकडा अतिशयोक्तीचा वाटणार नाही.

जुन्या कैच्या परत वापरायच्या की नाहीत, हे गंज पाहून ठरवावे. गरम जस्ताचा थर ८० मायक्रॉनचा असावा असे अनुदानातल्या संचांच्या तांत्रिक अटींत सांगितलेले असते. ठेकेदाराकडे तो मोजायचे छोटे यंत्र असेल तर उत्तमच. जिथे कापले, वेल्डिंग केले, तिथला थर गेलेला असतो. त्या जागी साधा चंदेरी रंग न फासता जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत. नटबोल्ट आणि क्लॅम्प मात्र जुने वापरू नयेत. ते स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे, नवे घ्यावेत. किनाऱ्यावरच्या घरांना, मग ती रत्नागिरीतली असोत की गोव्यातली, ही अट दुप्पट लागू होते.

स्ट्रक्चर पुन्हा उभे करायचेच आहे तर उंचीचाही विचार याच वेळी करावा. पॅनेलखालून केरसुणी फिरेल आणि गच्चीची नाळ साफ करता येईल एवढी मोकळी जागा हवी. उंची वाढवली की वाऱ्याचा भारही वाढतो, त्यामुळे “दोन फूट आणखी वर घ्या” असे आपण आयत्या वेळी सांगणे योग्य नाही. ते आराखड्यात आधी यावे.

कोटेशन आणि करार

एकरकमी आकड्याचे कोटेशन स्वीकारू नये. उतरवणे, खाली किंवा बाजूला रचून ठेवणे, पाये, स्ट्रक्चरची दुरुस्ती, पुन्हा बसवणे, नवे साहित्य आणि चाचण्या यांचे दर वेगळे लिहिलेले असावेत, म्हणजे तीन कोटेशनांची तुलना करताना कोणी काय गाळले ते दिसते. नव्या साहित्यात ४ चौरस मिलिमीटरची सौर डीसी केबल, एमसी-४ कनेक्टर, उन्हाने न तुटणारे टाय आणि पाइप यांच्या कंपन्यांची नावे असावीत. एका कंपनीचा नर कनेक्टर दुसऱ्या कंपनीच्या मादी कनेक्टरमध्ये बसला तरी तो जोड खात्रीचा नसतो; नवे टोक लावायचे तर जोडीची दोन्ही टोके एकाच कंपनीची लावावीत, हे वाक्य करारात असू द्यावे.

पैशांचे हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत. माझ्या अनुभवाने, काम सुरू होताना वीस टक्के, पॅनेल नोंदीसह सुखरूप उतरवून रचल्यावर तीस, बसवून चाचण्यांचा कागद हातात पडल्यावर चाळीस आणि उरलेले दहा पहिल्या मोठ्या पावसानंतर, ही वाटणी दोन्ही बाजूंना न्याय देणारी आहे. वॉटरप्रूफिंगला उशीर झाला तर पॅनेल किती दिवस सांभाळायची, फुटले तर भरपाई कशी, कामावर किती वर्षांची हमी, हे सगळे त्याच कागदावर असावे.

दिवसांची निवडही पैशांशी जोडलेली आहे. ३ किलोवॅटचा संच पंधरा दिवस बंद राहिला तर दीडशे ते दोनशे युनिटचे नुकसान होते, आणि ते एप्रिल-मेमध्ये सर्वाधिक असते. शिवाय मे महिन्यात वॉटरप्रूफिंगवाले आणि सौर ठेकेदार दोघेही घाईत असतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात आभाळ भरून आले की पाणी साठवण्याची चाचणी सोडून दिली जाते. डिसेंबर-जानेवारीत काम काढले तर पाणी मारायला, वाळायला आणि चूक सापडल्यास दुरुस्त करायला वेळ मिळतो.

महावितरणचे काय करायचे तेही आधीच ठरवावे. त्याच जागी, तेवढ्याच क्षमतेचा संच परत बसणार असेल तरी उपविभागीय कार्यालयाला ग्राहक क्रमांक लिहून एक साधे पत्र द्यावे आणि पोच घ्यावी; पुढे बिलातल्या निर्यात युनिटवरून, म्हणजे आपण महावितरणला दिलेल्या विजेवरून, प्रश्न निघाला तर ती पोच उपयोगी पडते. क्षमता वाढणार असेल किंवा पत्ता बदलणार असेल तर नेट मीटरिंगचा, म्हणजे घेतलेल्या विजेतून दिलेली वीज वजा करून बिल आकारण्याच्या सोयीचा, नव्याने अर्ज करावा लागतो. मीटरच्या सीलला ठेकेदाराने कोणत्याही परिस्थितीत हात लावता कामा नये. “सील मी बघून घेतो” म्हणणाऱ्याला तिथेच थांबवावे.

काम चालू असताना

आपण घरी असावे एवढेच म्हणेन. सतत डोक्यावर उभे राहण्याची गरज नाही. पाहण्यासारख्या गोष्टी थोड्या आहेत. पॅनेल दोघांनी, चौकटीला धरून उचलावे. जंक्शन बॉक्सला किंवा केबलला धरून उचललेले पॅनेल आतून सैल होते. पॅनेलवर कोणीही पाय देऊ नये, गुडघाही टेकू नये, कारण काच शाबूत राहिली तरी खालच्या पेशींना केसासारख्या भेगा पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि एक-दोन उन्हाळ्यांनंतर उत्पादनात दिसतात. रचताना पॅनेल उभी, लाकडी पट्ट्यांवर, कोपऱ्यांना पुठ्ठा लावून ठेवावीत आणि दोरीने बांधावीत. कनेक्टरच्या उघड्या तोंडांना टोपण किंवा निदान प्लास्टिकची पिशवी बांधलेली असावी, कारण कोबा फोडताना उडणारी सिमेंटची धूळ आत बसली की जोड पुन्हा कधी घट्ट होत नाही.

चढवताना टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना, गच्चीवर आहे का ते पाहावे. क्लॅम्प कोठे लावायचा आणि किती आवळायचा, हे पॅनेलच्या उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. हाताच्या अंदाजाने जास्त आवळलेला क्लॅम्प चौकट वाकवतो आणि कमी आवळलेला वाऱ्यात सुटतो.

बसवल्यानंतरचे आकडे

हिरवा दिवा लागला म्हणजे काम झाले, ही चूक मी एकदा केली आहे. उतरवण्यापूर्वी घेतलेल्या प्रत्येक नोंदीच्या शेजारी नवी नोंद यायला हवी. प्रत्येक पॅनेलचा दाब इतरांच्या बरोबरीचा असावा. स्ट्रिंगचा दाब १२० ते ५०० व्होल्टच्या दरम्यान असेल तर मेगर ५०० व्होल्टवर लावून विद्युतरोध किमान १ मेगाओहम भरला पाहिजे. ही आयईसी ६२४४६ या आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादा आहे. चांगल्या जोडणीत तो याच्या कितीतरी पट भरतो, त्यामुळे काठावरचा आकडा आला तर जोड पुन्हा शोधायला सांगावे. आमच्या घरी टेपच्या जोडापाशी ही चाचणी घेतली असती तर पहिल्याच दिवशी दोष पकडला गेला असता. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत असावा. शेवटी मेन स्विच बंद करून दाखवायला सांगावे. बाहेरचा पुरवठा गेल्याबरोबर इन्व्हर्टरने वीज पाठवणे थांबवले पाहिजे आणि पुरवठा आल्यावर काही मिनिटांनी स्वतःहून सुरू झाले पाहिजे.

हे सगळे आकडे तारीख, वेळ आणि परवानाधारकाच्या सहीसह एका कागदावर घ्यावेत, सोबत नव्या साहित्याची बिले आणि पॅनेलच्या मागच्या जोडांचे फोटो घ्यावेत. पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी अॅपमधले युनिट वहीत लिहावेत. ऋतू बदलला असेल तर गेल्या महिन्याशी तुलना न करता गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. इन्व्हर्टर सकाळी किती वाजता सुरू होतो तेही लिहावे. दव पडणाऱ्या दिवसांत तो उशिरा जागा होत असेल तर कोठेतरी जोड ओला होतो आहे. ठेकेदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि दोन्हीकडे हेच कागद लागतात.

राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांचा हिशोब पहिल्या मोठ्या पावसानंतर करायचा आहे. रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी ठेकेदाराला बोलवावे आणि दोघांनी मिळून आधी खालच्या खोलीचे छत पाहावे, मग वर जाऊन प्रत्येक पायाभोवतीच्या वाट्याला पाणी थांबले आहे का, केबलचे पाइप पाण्याने भरले आहेत का आणि डीसी वायरींच्या डब्यात ओल शिरली आहे का ते पाहावे. छत कोरडे असेल, डबा कोरडा असेल आणि ढगाळ सकाळीही इन्व्हर्टर वेळेवर सुरू झालेला असेल, तर उरलेली रक्कम तिथेच, गच्चीवरच, त्याच्या हातात द्यावी.